कपिलेची कालवड आणि रीताचं लग्न

देवळीत लोक सुलोचनाबाईंना सुधारक म्हणत. दूध विकून मुलीला एम.एस्सी. केलं, वर 'आधी पायावर उभी राह्य, मग लग्नाचं पाहू' हे इतक्यांदा ऐकवलं की एका महिला दिनाला त्यांचा सत्कारही झाला. शाल घेताना बाई चोरी पकडल्यासारख्या अवघडल्या होत्या. लोक म्हणाले, किती साधी बाई.

खरी भानगड गोठ्यातली होती. त्यांच्या कपिला गायीला जुळं झालं होतं, एक गोऱ्हा नि एक कालवड. कालवड देखणी, खायला दांडगी, पण तीन वर्षांची झाली तरी माजावर येईना. गुरांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "गोऱ्ह्याच्या जोडीची कालवड बहुतेक वांझच राह्यते, बाई." तेव्हा सुलोचनाबाईंच्या मांडीवर सहा महिन्यांचं जुळं होतं, योगेंद्र आणि रीता.

बाईंनी जे तोंड मिटलं ते सव्वीस वर्षं. नवऱ्यालाही सांगितलं नाही. माहीत असून वांझ पोरगी दुसऱ्याच्या घरी देणं म्हणजे दुधात पाणी घालणं, आणि ते त्यांनी कधी केलं नव्हतं. म्हणून स्थळं परत जात. आर्वीचा मुलगा फार बोलतो, पुलगावचा बोलतच नाही, सेलूचा बुटका.

या रविवारी मात्र हिंगणघाटचा निकेश यायचा होता, आणि तो रीतानेच पसंत केलेला. रीता पिपरी मेघेच्या शाळेत विज्ञान शिकवते. शनिवारी संध्याकाळी ती गोठ्यात आली तेव्हा बाई धार काढत होत्या.

"त्याचे कान मोठे आहेत," बाई म्हणाल्या.

"कानाचं मले लोणचं घालाचं हाय का, माय? खरं सांग, काऊन नाई म्हणून राह्यली?"

बाईंचा हात थांबला. मग गाईकडे तोंड करूनच त्यांनी कपिलेची कालवड सगळी सांगितली. रीता आधी हसली. मग माय रडते आहे हे दिसल्यावर शेजारी उकिडवी बसली.

"आयक. पोटात सुरवातीले गोऱ्हा नि कालवड सारखेच असते. दोघांजवळही दोन्हीकडचा कच्चा माल. मग गोऱ्ह्याचे अंड, म्हंजे वृषण, तयार होते, त्यातून रस सुटते, नि तो रस गर्भपिशवीचा कच्चा माल मिटवून टाकते. गाईच्या पोटात दोघांच्या वारा, वासरामागून पडते त्या, एकमेकीले जुळते, रक्त एक होते. भावाचा रस बहिणीत जाते. तिची पिशवी बनाच्या आधीच बिघडते."

"मंग?"

"मंग काय? बाईच्या पोटात भावाबहिणीच्या वारा चिकटल्या तरी रक्त सहसा वेगळंच राह्यते. योगेंद्रचं काही मह्याकडे आलं नाई. त्याचा आळससुद्धा नाई."

"पक्कं?"

"पोट्ट्याइले शिकवतो मी हे. नि महिन्याच्या महिन्याले पोट दुखते मह्यं, तुले दिसत नव्हतं?"

"डॉक्टर म्हणे, कालवड वरून चांगलीच दिसते."

रीताने कपाळाला हात लावला. मग तिच्या ध्यानात काहीतरी आलं. "म्हणजे मी एम.एस्सी. झाली ते कपिलेच्या कालवडीपायी?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली. सव्वीस वर्षांचा दगड छातीवरून उतरला होता. गाय गाभण राहिली की नाही हे विचारायलाही जी बाई घाबरायची, ती पदराने डोळे पुसून आधी हसली, मग मोठ्याने हसली. गाईने मान वळवून पाहिलं.

"येऊ दे रविवारी त्याले," त्या म्हणाल्या. "कान काही एवढे मोठे नाई."

"नि ते बाकीचे, माय? आर्वीचा, पुलगावचा?"

"त्यांचं पाप लागलं मले," बाईंनी पुन्हा धारेला हात घातला. "पण सेलूचा खरंच बुटका होता."