अर्णवची तोंडी परीक्षा

माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं ते खामकर सरांमुळे, आणि जे हसं झालं तेही त्यांच्याच शिकवणीमुळे. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. गावच्या शाळेत सरांनी एकच मंत्र दिला होता, "प्रश्न आला की उत्तर तयार पाहिजे. विचार करत बसलास की मागे पडलास!" त्या मंत्रावर मी बी.कॉम. झालो, वागळे इस्टेटमध्ये नोकरीला लागलो, टिटवाळ्यात फ्लॅट घेतला, आणि त्याच मंत्रावर माझ्या दीड वर्षाच्या मुलाच्या, अर्णवच्या परीक्षेत तोंडावर आपटलो!

परीक्षा म्हणजे काय, तर सरकारी दवाखान्यात लस देताना सिस्टर थोडे प्रश्न विचारतात. मुलाला ऑटिझम असण्याची शक्यता आहे का, पुढे तपासायला हवं का, याचा अंदाज घ्यायला. शेजारच्या पाटीलवहिनी नुकत्याच जाऊन आलेल्या. "सोपं असतं हो भाऊजी," त्या म्हणाल्या. "बोटाने दाखवतो का, हाक मारली की बघतो का, असंच काहीतरी."

पेपर फुटला! मी त्याच दिवशी फ्रिजवर वेळापत्रक लावलं. सकाळी बोट दाखवणे, संध्याकाळी हाकेला बघणे (रविवारी उजळणी).

"अर्णव, पंखा कुठंय? पंखा?"

अर्णव डब्याचं झाकण जमिनीवर गरगर फिरवत होता. पंखा फिरतो, झाकणही फिरतं. अर्धा गुण तरी मिळायला हरकत नव्हती.

"अहो, तो बोट दाखवतच नाही," माझी बायको स्मिता म्हणाली. "मी तिथे तसंच सांगणारे."

"खबरदार! पोराच्या नावावर लाल शेरा बसेल. तिथे मी बोलणार. तू फक्त पिशवी धर."

दवाखान्यात सिस्टरनी कागद पुढे ओढला.

"तुम्ही एखादी वस्तू दाखवलीत, तर बाळ..."

"हो!"

"अहो, प्रश्न तरी पुरा होऊ द्या! खोटं खोटं खेळतो? म्हणजे फोनवर बोलल्यासारखं..."

"हो! तासन् तास!"

"हाक मारली की बघतो?"

"हो!"

"त्याला ऐकूच येत नाही की काय, असं कधी वाटलंय?"

"हो!"

सिस्टरनी चष्म्यावरून पाहिलं. "डोळ्यांसमोर बोटं विचित्र हलवतो?"

"हो! फार सुंदर हलवतो!"

(प्रत्येक प्रश्नाचं चांगलं उत्तर 'हो' नसतं, हे पाटीलवहिनींनी सांगितलंच नव्हतं. अर्धवट पेपर फोडणाऱ्यांवर खरं तर कारवाई व्हायला हवी!)

"म्हणजे त्याला हाक कळते, की कळत नाही?"

"दोन्ही!" मी ठणकावून सांगितलं.

रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "बाई, हे प्रश्न आधी ह्या बापाला विचारा गं!"

अख्खी रांग हसली. स्मिताने पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "आता ही तुम्ही धरा." मग ती सिस्टरकडे वळली. "तो बोट दाखवत नाही. बिस्किट हवं असलं की माझा हात धरून नेतो आणि माझाच हात डब्यावर ठेवतो. हाकेला बघत नाही. पण कुकरची शिट्टी झाली की कान झाकून रडतो. लिहा."

सिस्टर लिहीत गेल्या. मी पिशवी धरून बसलो.

"नापास?" मी हळूच विचारलं.

"यात पास-नापास नसतं हो! आता डॉक्टर नीट तपासतील. असलंच काही, तर मदत लवकर सुरू होईल. तुमचंच ऐकलं असतं, तर पोरगं शाळेत जाईपर्यंत कुणाला कळलं नसतं."

ठाण्याच्या डॉक्टरांनी तपासलं. ऑटिझमच होता. त्या रात्री मी फ्रिजवरचं वेळापत्रक फाडलं, आणि काही महिन्यांनी सरांना पत्र लिहिलं:

आदरणीय सर,

सा. न. अर्णवची थेरपी सुरू आहे. गृहपाठ मात्र मला असतो. त्याच्यासमोर जमिनीवर बसायचं, तो झाकण फिरवेल तसं आपणही फिरवायचं, आणि तो आपणहून बघेपर्यंत तोंड उघडायचं नाही. काल त्याने माझ्याकडे बघितलं, सर! अगदी सरळ डोळ्यांत! मी आनंदाने इतक्या जोरात "हो!" ओरडलो, की तो कान झाकून स्वयंपाकघरात पळाला.

थेरपीच्या बाई म्हणाल्या, "अर्णवचं छान चाललंय. बाबांना जरा वेळ लागेल."

आपला विद्यार्थी,
सुनील