पांढरी

पिठाची गिरणी चालवणाऱ्या बाईला सगळी गल्ली पांढरी म्हणायची. रंगाने ती चांगली सावळी. पण सकाळपासून दळणं दळून भुवयांपासून चपलांपर्यंत पिठाने माखलेली, त्यामुळे नाव कुणाला खटकलं नाही. पोरं पांढरी मावशी म्हणत, भाजीवाला पांढरीबाई म्हणे, आणि ती मुकाट ओ देई.

खरी गोष्ट घरात दोघींनाच ठाऊक, तिला आणि तिच्या सासूला. भर दुष्काळात ती लग्न होऊन गावाकडच्या घरी आली. गावात सगळीकडे खडखडाट, पण सासरच्या विहिरीला पाणी होतं. ती आली, आठवडा उलटला नाही तोच विहीर कोरडी ठणठणीत! खापर कुणावर फुटणार? नव्या नवरीवर. सासू म्हणाली, पांढऱ्या पायाची आहे. पुढे पाय गळाले आणि पांढरी तेवढी उरली. नवरा होता तोवर तोही तेच म्हणायचा. लाडाने म्हणतो म्हणे! घ्या.

पुढे सगळे शहरात आले, गिरणी घातली, नवरा गेला, दोघी राहिल्या.

मग कोपऱ्यावरच्या वाचनालयाने दर रविवारी दुष्काळाच्या आठवणींचं वाचन सुरू केलं. ग्रंथपालबाई पुस्तकातलं एखादं प्रकरण मोठ्याने वाचायच्या, मग ज्याला जे आठवेल ते त्याने सांगायचं. सासूबाईंनी धोशा लावला, "मला ने तिथं. दुष्काळ काय असतो ते मी सांगते त्यांना."

पांढरीला ते नको होतं. म्हातारीच्या जिभेला हाड नाही. तिथे बोलता बोलता नावाचं मूळ बाहेर आलं, तर उद्यापासून दळण घेऊन येणारा प्रत्येक जण आधी तिच्या पायांकडे बघणार. तिने गुडघ्यांचं निमित्त काढलं, उन्हाचं काढलं. काही चाललं नाही.

त्या दिवशीचं प्रकरण विहिरींवरचंच निघालं. ग्रंथपालबाईंनी पुस्तक मिटलं आणि सासूबाई सरसावल्या.

"आमची तर गंमतच झाली. विहीर कधीचीच आटलेली. बेडूकसुद्धा राहिला नव्हता आत. आणि नेमकं तेव्हाच मुलाचं लग्न ठरवायचं! पाणी नाही म्हटल्यावर पोरगी कोण देतंय? मग ह्यांनी काय करावं? मुलीकडचे घर बघायला यायच्या आदल्या दिवशी टँकर मागवला आणि दिला ओतून विहिरीत! व्याही वाकून बघतात तर पाणी! खूश झाले हो बिचारे. लग्नाच्या दिवशी पुन्हा एक ओतला."

लोकांची हसून हसून पुरेवाट झाली. ग्रंथपालबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

पांढरी हसली नाही. तिचा बाप तेव्हा सासरच्या दारात आला होता. आमच्या पोरीमुळे तुमचं पाणी गेलं, म्हणून त्याने हात जोडून माफी मागितली होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिला म्हातारीचा भयंकर राग आला.

ती उभी राहिली. "आई, म्हणजे विहीर आधीच कोरडी होती."

"होतीच की," सासूबाई हसत म्हणाल्या, आणि मग त्यांचं हसू थांबलं.

"माझं नाव पिठावरून पडलेलं नाही," पांढरी लोकांना म्हणाली. आणि जे लपवायला ती इतकी धडपडली होती ते तिने स्वतःच सगळं सांगून टाकलं, बापाच्या जोडलेल्या हातांसकट.

"लोक विचारायचे गं, एकाएकी कशी आटली म्हणून," सासूबाई बारीक आवाजात म्हणाल्या. "टँकरचं कसं सांगणार? काहीतरी म्हणायला हवं होतं. पुढे मलाही तेच खरं वाटायला लागलं."

घरी जाताना म्हातारीने नेहमीसारखा तिचा दंड धरला होता. तिनेही तो सोडवून घेतला नाही.

"पांढरे, जरा हळू..." सासूबाई बोलल्या आणि जीभ चावून गप्प झाल्या. गिरणीपाशी येईपर्यंत त्यांचे ओठ नुसते हलत होते. शेवटी त्या थांबल्या.

"काय गं होतं तुझं नाव?"

पांढरीने कुलूप काढलं, दार उघडलं, त्यांना उंबऱ्यावरून आत घेतलं आणि खुर्ची पुढे केली.

"आठवा," ती म्हणाली. "बसा आणि आठवा."