मिरवणुकीतली घोडी

"फ्राऊ कांबळे, घोडी नेमकी किती वाजता मारणार आहात?"

फोन फेटेरिनेरआम्टमधून होता, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांचं सरकारी ऑफिस. मी म्हणाले, "शेवटी. भाषणं झाल्यावर." पलीकडे ते टाइप केल्याचा आवाज आला.

२०१५ सालची गोष्ट. जर्मनीत, एर्लांगेनमधल्या एका छोट्या इव्हेंट कंपनीत मी प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर होते. प्रोबेत्साइट चालू होता, म्हणजे सहा महिन्यांची कच्ची नोकरी. मोठा घोळ झाला की घरी. आमच्याकडे चेक संस्कृतीच्या महोत्सवाचं काम आलं होतं. सीमेपलीकडच्या एका गावची मंडळी येऊन मासोपुस्त करून दाखवणार होती. ख्रिस्ती उपवास सुरू होण्याआधी चेक खेड्यांतून निघणारी ही सोंगांची मिरवणूक.

मिरवणुकीला परवानगी हवी तर सुरक्षेचा फॉर्म भरावा लागतो. त्यात प्रश्न होता: प्राणी आहेत का? मी त्या गावच्या संयोजक यानाबाईंना फोन केला.

"हो, एक घोडी आहे. शेवटी तिच्यावर सगळ्या गावाच्या पापांचा आरोप ठेवतात आणि तिला मारतात."

"खरंच?"

"दर वर्षी."

"दर वर्षी नवीन घोडी?"

"छे, तीच. मारल्यावर दारू पाजून उठवतात ना."

माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. पण आमच्या बॉस फ्राऊ हार्टमान यांचा नियम होता, क्लायंट सांगेल ते जसंच्या तसं लिहायचं. मी लिहिलं: घोडी, एक. शेवटी मारणार. नंतर उठवणार.

ते लिहिताना मी दोनदा थांबले. आमच्या गावच्या जत्रेत बकरं कापायचे. धम्म स्वीकारल्यावर माझ्या आजोबांनी आमच्या घरापुरतं ते बंद केलं आणि त्यापायी भावकीशी वैर घेतलं. मी मात्र एका शब्दानं भांडले नाही. म्हटलं, दुसऱ्यांची परंपरा, आपण कोण नाक खुपसणारे? आणि नोकरी तर हवीच होती.

त्या फोननंतर फ्राऊ हार्टमान माझ्या टेबलाशी आल्या. "मिरवणुकीआधी डॉक्टर घोडी बघणार. डॉक्टर नाही म्हणाली तर सगळं रद्द. हे तुम्हीच निस्तरा."

मी यानाबाईंना कळवलं, सरकारी डॉक्टर घोडी बघायला येतेय. त्या म्हणाल्या, "अरे वा, येऊ दे की." मला काहीच कळेना.

शनिवारी सकाळी डॉक्टरीणबाई बॅग घेऊन चौकात हजर. चेक मंडळींची बस आली. मागे घोड्याची गाडी वगैरे काही नव्हती.

"घोडी कुठे आहे?" डॉक्टरनं विचारलं.

यानाबाईंनी बसच्या मागच्या सीटकडे बोट दाखवलं. तिथे दोन दणकट बाप्ये बसले होते. एकाच्या मांडीवर लाकडी घोड्याचं तोंड, दुसऱ्याच्या हातात करडी चादर आणि अर्धं खाल्लेलं सॉसेज.

"हा पुढचा भाग," यानाबाई म्हणाल्या, "आणि हा मागचा."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं डॉक्टर म्हणाली आणि कागदावर लिहिलं: प्राणी, एकही नाही.

मिरवणूक यथासांग पार पडली. घोडी मेली, दारू पोटात जाताच उठली आणि नाचली. मी यानाबाईंना विचारलं, "आत माणसं असतात, हे आधी का नाही सांगितलंत?"

"त्यात सांगायचं काय? आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि तुम्ही कुठे विचारलंत?"

पुढे माझी नोकरी पक्की झाली. फ्राऊ हार्टमान म्हणाल्या, "बाकी काही असो, फॉर्म तुम्ही अगदी व्यवस्थित भरला होता." मला आनंद होण्याऐवजी लाज वाटली. खरी घोडी मारणार आहेत असं समजूनही मी तो निमूट भरला होता.

आता नवीन माणसं हाताखाली आली की मी एवढंच सांगते. जे लिहिताना हात अडखळतो, ते सहीच्या आधी विचारा.