एकट्याने नेलेलं झाड

त्याला काही विचारलं की तो आधी "होय" म्हणायचा आणि मग प्रश्न काय होता ते ऐकायचा. मिरजोळ्याच्या एका कारखान्यात तो वेल्डर होता. एखादा जोड सुटला की साहेब विचारत, "हे कोणी केलंय?" बाकीचे छताकडे बघत. हा पुढे होऊन म्हणे, "होय, मीच." निम्म्या वेळा तो जोड दुसऱ्याच कोणाचा तरी असे.

अशी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. आपण त्यांना भोळी म्हणतो आणि अडचणीच्या वेळी नेमकी त्यांनाच हाक मारतो.

न्यूझीलंडमधल्या एका कंपनीने त्याला नोकरी देऊ केली. व्हिसाचा अर्ज भरायला तो माझ्याकडे आला, कारण आम्ही शेजारी आणि मी शाळेत इंग्रजी शिकवतो. इथला कारखाना बंद पडायच्या बेतात होता, दोन मुली शिकत होत्या. व्हिसा मिळाला तर सगळं मार्गी लागणार होतं. नाव, जन्मतारीख, शिक्षण असं करत आम्ही एका प्रश्नापाशी आलो. कधी कोणत्या गुन्ह्यासाठी दोषी ठरला आहात का?

"होय," तो म्हणाला. या वेळी त्याने प्रश्न नीट ऐकला होता.

गुन्हा काय, तर होळीचा. आमच्या वाडीत शिमग्याला होळीचं झाड कोणाच्याही आवारातून न विचारता आणायची रीत. मालक चार शिव्या घालतो आणि मग त्याच होळीला नारळ घेऊन येतो. आमच्या तरुणपणी एका वर्षी आम्ही जिथला रायवळ आंबा तोडला, ती जागा नुकतीच बाहेरच्या एका गृहस्थांनी घेतली होती. त्यांना ही रीत कुठून ठाऊक असणार? त्यांनी सरळ चोरीची तक्रार केली. हवालदार वाडीत आले आणि म्हणाले, "कोण कोण होतं, नावं सांगा." झाड खांद्यावरून आणणारे आम्ही वीस जण, त्यांत मीही. माझी शिक्षकाची नेमणूक यायची होती, त्याआधी पोलिसांची चौकशी व्हायची होती. तो माझ्याकडे न बघता पुढे झाला. "मीच. एकटाच." हवालदारांनी झाडाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि एकच नाव लिहून घेतलं. कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला, दंड भरला. पुढच्या महिन्यात मी नोकरीवर हजर झालो.

आणि आता 'नाही' लिही, असं त्याला पहिल्यांदा सांगणारा मीच. व्हिसाचं काम बघणारा एजंटही म्हणाला, "एवढ्याशा जुन्या दंडाचं कोण बघतंय?" त्याची बायको काकुळतीला आली. "दादा, तुमी तरी समजवा यांना."

"त्यांनी विचारलंनी ना? मग सांगायला नको?" त्याचं एवढंच उत्तर.

पुढे पोलिसांचा दाखला आला. त्यात ती नोंद होतीच. 'नाही' लिहिलं असतं तर दंडामुळे नव्हे, खोटेपणामुळे अर्ज बाद झाला असता. एजंटने दाखला दोनदा वाचला आणि आमच्यासाठी चहा मागवला.

कोर्टातून निकालाची नक्कल आणली. सोबत खुलाशाचं पत्र हवं होतं. मी रूढी-परंपरांवर दोन पानं लिहून काढली आणि मराठीत त्याला समजावून सांगितली.

"मास्तर, निबंध नको. झाड तोडलं, दंड भरला, एवढंच लिवा."

"बरं. पुन्हा तसं केलं नाही, हे तरी लिहितो."

"असं कसं लिवता? दर वर्षी आणतो मी झाड. आता विचारून आणतो, ते लिवा."

मी कपाळाला हात लावला आणि तसं लिहिलं.

"आणि बरोबर कोण कोण होतं, ते लिहू?"

"ते त्यांनी कुठं विचारलंनी?" असं म्हणून त्याने सही केली.

तो गेल्यावर मी तो कागद पुन्हा वाचला. मला लाज वाटली. मग मी माझ्या नावाने वेगळं पत्र लिहिलं. झाड वीस जणांनी आणलं, त्यांतला एक मी. पोलिसांना मात्र याने एकट्या स्वतःचंच नाव दिलं. खाली सही केली, शाळेतला हुद्दा लिहिला आणि एजंटला दाखवलं. तोही आता खरं बोलायच्या बाजूचा झाला होता. म्हणाला, "जोडा."

व्हिसा आला. निघायच्या दिवशी स्टँडवर मुंबईची गाडी लागली होती. त्याने मला बाजूला घेतलं.

"धाकटीने तुमचं पत्र वाचून दाखवलंन मला. कशाला लिवलंत? तुमची नोकरी आहे अजून."

इतक्या वर्षांनीही त्याला काळजी माझ्याच नोकरीची. तिथेच वाकून त्याच्या पाया पडावं असं वाटलं. पण तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, आणि आजूबाजूला निम्मी वाडी उभी. मी नुसते त्याचे दोन्ही हात धरले. कंडक्टरने बेल दिली तरी ते माझ्याच्याने सोडवेनात.