दुसऱ्या जागी हात

जगातलं कुठलंही दार किल्लीने नाही, चौकटीने उघडतं, असं मानणारा आणि ते पटवून देण्यासाठी भाडेकरूचं दार मुद्दाम नादुरुस्त ठेवणारा एकच माणूस मला आजवर भेटला. ते आमचे काळेवाडीतले घरमालक. आम्ही त्यांना काका म्हणायचो. जन्मभर कॉलेजात जीवरसायन शिकवून ते निवृत्त झाले होते, पण शिकवणं काही निवृत्त झालं नव्हतं.

माझा दादा चाकणला कंपनीत कामाला. परभणीकडच्या आमच्या गावातून बी.एस्सी. होऊन मी नोकरी शोधायला त्याच्याकडे आले, ती काकांच्या वरच्या खोलीत. पहिल्याच दिवशी दादा शिफ्टला गेलेला आणि किल्ली फिरेना. मी कुलपात खोबरेल तेल ओतलं, चप्पल मारली, शेवटी रडकुंडीला आले. तेवढ्यात जिन्यातून आवाज आला, "अगं, त्या कुलपाने काय घोडं मारलंय तुझं?" काका वर आले, चौकटीच्या डाव्या कोपऱ्यावर तळहात दाबून म्हणाले, "आता फिरव." किल्ली लोण्यासारखी फिरली. मी आभार मानणार, तोच काका आनंदाने ओरडले, "हेच एन्झाइम!"

मग त्या तेलकट उंबऱ्यावरच तास सुरू झाला. एन्झाइम म्हणजे घडी घालून बसलेली प्रथिनाची लांब साखळी. तिचं काम चालतं एका खोबणीत. पण कुठेतरी लांब, दुसऱ्याच जागी एखादा छोटा रेणू येऊन चिकटतो, सगळी घडी किंचित सरकते, आणि इकडची खोबण उघडते किंवा मिटते. याला अ‍ॅलोस्टेरिक नियंत्रण म्हणतात, हे मी परीक्षेत पाठ करून लिहिलं होतं आणि गुणही भरपूर घेतले होते. पण चौकटीचा आणि कुलपाचा संबंध मला त्या दिवशी कळला. दादाने पुढे कितीदा तरी सुतार आणायचं काढलं. काका हात जोडायचे, "भाऊ, हवं तर खोलीला रंग देतो. दाराला हात लावू नकोस. असं मॉडेल कुठल्या कॉलेजात नाही."

घरातही त्यांचा कारभार याच तत्त्वावर चालायचा. चहा हवा असला तर चहाचं नाव काढायचं नाही. "तुझ्या भावाचं अक्षर काय सुरेख होतं गं!" एवढंच म्हणायचं, की काकूंकडे आधण चढायचं. काकूही काही कमी नव्हत्या. "कळतंय मला, कुठला कोपरा दाबताय ते," असं म्हणत आलं किसायच्या. जेवताना तिसरी पोळी संपली की काका ताटावर हात आडवा धरून सांगायचे, "तयार झालेला मालच मागे जाऊन पहिलं मशीन बंद करतो. ही पोटातली पोळी आता तुझ्या लाटण्याला जाऊन चिकटली." काकू म्हणायच्या, "चिकटली तर तुम्हीच घासा." पिंपरीला जाताना शेअर रिक्षात चौथा माणूस चढला, की काका जाहीर करायचे, "पाहा, एक बसला की बाकी सगळ्यांचा आकार बदलतो!" रिक्षावाला वैतागायचा, "काका, आकार नंतर बदला. आधी सरका ना राव."

मला मात्र हसायला सुचत नव्हतं. चाकणजवळ एन्झाइम बनवणाऱ्या एका कंपनीत मुलाखत ठरली होती. ती हुकली तर गावी परत जायचं, हे घरात ठरल्यासारखंच होतं. उत्तरं सगळी पाठ होती, पण इंग्रजीत प्रश्न आला की माझी जीभ टाळूला चिकटायची. आदल्या दिवशी काकांकडे गेले. वाटलं, उजळणी घेतील. त्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "आईला फोन लाव. आमचं दार कसं उघडतं ते सांग तिला."

मी सांगितलं. आधी दार, मग एन्झाइम. आई मन लावून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मला कळ्ळं की गं. मग त्या शिकलेल्या मान्सांना न कळाया काय झालं?"

मुलाखतीत नेमका अ‍ॅलोस्टेरिक नियंत्रणाचाच प्रश्न आला आणि व्हायचं तेच झालं. इंग्रजी वाक्य अर्ध्यावर अडकलं आणि तोंडून भलतंच निघून गेलं, "सर, चौकट दाबली की कुलूप उघडतं." मला वाटलं, संपलं. पण समोरच्यांपैकी एक साहेब पुढे वाकून मराठीतच म्हणाले, "आणि बंद कसं होतं?" मी म्हटलं, "पोटातल्या तिसऱ्या पोळीने, सर." ते इतके हसले की माझी जीभ सुटली, आणि मग इंग्रजीही आलं, मोडकं का होईना. नोकरी लागल्याचं सांगायला गेले, तेव्हा काका म्हणाले, "मी कुठे काय शिकवलं? मी फक्त दुसऱ्या जागी हात ठेवला."

आता काका-काकू मुलाकडे बंगळूरला राहतात. मुलाने इकडे सुतार लावून चौकट सरळ करून घेतली. दार एका बोटाने उघडतं, तरी माझा तळहात आधी डाव्या कोपऱ्यावर जातो.

अधूनमधून मी फोन करते. "काका, करमतं का तिकडे?" असं थेट विचारलं की "उत्तम, उत्तम" म्हणून ते काकूंकडे फोन देतात. म्हणून परवा मी वेगळंच विचारलं, "काका, तिकडची दारं कशी आहेत?"

या वेळी त्यांनी फोन काकूंकडे दिला नाही. म्हणाले, "अगं, इथली दारं आपली आपणच उघडतात. कुणाला काही शिकवताच येत नाही."

आणि मग ते बराच वेळ बोलत राहिले.