सागवानी फळ्या

आमचे बाबा शवपेट्या करतात. गिऱ्हाइकाने भारी लाकूड मागितलं की ते हात जोडून म्हणतात, "अहो, देव लाकूड बघत नाही, मन बघतो." रविवारी चर्चमध्येही ते हेच सांगतात आणि लोक माना डोलावतात.

पण त्यांच्या खाटेखाली सहा सागवानी फळ्या आहेत, स्वतःच्या पेटीसाठी राखलेल्या. दर शनिवारी ते त्यांना तेल पाजतात. आईच्या दुखऱ्या गुडघ्यांना मात्र त्यांनी कधी तेलाचं बोट लावलं नाही.

आई गेली तेव्हा मी त्या फळ्या ओढून बाहेर काढल्या. बाबांनी त्या परत आत सरकवल्या. आईला त्यांनी प्लायवूडची पेटी केली आणि वर काळं कापड ठोकलं. पाळक म्हणाले, "किती साधेपणा या घरात!" बाबांनी मान खाली घातली. मला वाटलं, लाजले. कसले लाजतायत! कापडाचा खिळा नीट बसलाय का, ते बघत होते.

काल त्यांनी स्वतःचं माप घ्यायला मला टेप घेऊन बोलावलं. म्हातारपणाने ते चांगली चार बोटं आक्रसलेत. माप ऐकून खूश झाले. "म्हणजे लाकूड उरणार!"

आईच्या कबरीवरचा लाकडी क्रूस कधीचा कुजलाय. मी म्हटलं, "बाबा, उरेल त्याचा आईला क्रूस करा."

"करू की," ते म्हणाले. "पण आधी माझी पेटी होऊ दे. कापताना एखादी फळी फुकट गेली तर?"