मशीनला विचारतोय

"बोल बाय, काय होतंय तुला?" असं म्हणत ते बोटाचं पेर वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर वाजवायचे आणि कान लावून थांबायचे. आपण मध्येच काही सांगायला गेलो, की मान न वळवता म्हणायचे, "मशीनला विचारतोय. माणसाला नाय."

तुमच्याही आळीत असा एखादा माणूस असेल. नसेल, तर सुखी आहात.

मांडवीत आमच्या घराला लागून त्यांचं घर. मध्ये चिऱ्यांचा कंबरभर उंचीचा गडगा. पोफळीच्या वीजघरात नोकरी करून निवृत्त झालेले, त्यामुळे जगातल्या प्रत्येक यंत्रावर आपलाच हक्क आहे असं त्यांना वाटे. आळीतले मिक्सर, पंप, मशीनं सगळी त्यांच्याकडे जात. दुरुस्त होऊन परत येत, पण सोबत बोलणी खाऊन. जोश्यांच्या सुनेला तर त्यांनी भर दुपारी अंगणात सुनावलं होतं, "मिक्सर हाय तो, पाटा-वरवंटा नाय." मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही. ते हे जाणून होते, आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

त्यांचं आणि माझ्या नवऱ्याचं बोलणं बंद होतं ते एका माडावरून. माड उभा होता बरोबर गडग्याच्या चिऱ्यांत. ते म्हणत, आमच्या आजोबांनी लावला. नवरा म्हणे, आमच्या. पाडेकरी कधी नारळ काढायला आला, की दोन्ही अंगणांतून अशी ओरड सुरू होई की तो कोयता कमरेला खोचून निघून जाई. शेवटी त्या माडावर चढणंच बंद झालं. नारळ आपला पिकून पडे, ज्याच्या अंगणात पडला त्याने मुकाट्याने उचलायचा. मात्र पलीकडे धप्प आवाज झाला की नवऱ्याचं जेवणात लक्ष लागत नसे.

त्या उन्हाळ्यात सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. आयुष्यभर कडक धुतलेलं नऊवारी नेसलेली बाई. अंथरूण खराब झालं की भिंतीकडे तोंड करायची आणि स्वच्छ चादर घालेपर्यंत एक शब्द बोलायची नाही. जेवायचीही नाही. चादर वेळेवर वाळणं हे त्या दिवसांत आमच्या घरात औषधाच्या बरोबरीचं होतं. आणि नेमकं तेव्हा मशीन बिघडलं. पाणी भरतच राही, धुण्यापर्यंत गाडी जातच नसे. गच्चीवरची टाकी रिकामी झाली की टूंटूं करून बंद. चादरी हाताने धुऊन माझ्या बोटांची सालं निघाली, घरातल्या चादरी संपल्या, आणि सासूबाईंनी पेजेची वाटी सरकवून दिली.

"कंपनीचा माणूस बोलाव," नवरा म्हणाला.

"तो येणार पुढच्या आठवड्यात. तोवर आईंना काय घालू, तुझा सदरा?" असं म्हणून मी गडग्यापाशी गेले आणि हाक मारली, "दादा, जरा येता काय?"

ते आले. नवरा मागच्या पडवीत हाताची घडी घालून उभा. त्याच्याकडे न बघता त्यांनी पत्रा वाजवला.

"बोल बाय. पाणी कुठलं देतात तुला?"

नवरा छपराकडे बघत म्हणाला, "मशीनला म्हणावं, विहिरीचं."

"मशीनला ठाऊक हाय. तांबडी माती खाऊन बसलंय." त्यांनी पाण्याची नळी सोडवून आतली जाळी काढली, दातांच्या ब्रशने घासली. गाळ होता, पण थोडासाच. मग खालचं झाकण उघडलं, तिथून केसाची पिन आणि सेफ्टीपिन निघाली. केसाची पिन माझ्यासमोर धरून ते मशीनला म्हणाले, "हे पण तूच घालतेस काय केसांत?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण अडलेल्या चादरी माझ्या होत्या, दोन्ही पिना घेऊन खिडकीत ठेवल्या.

मशीन पुन्हा लावलं. दादांनी पाठीला कान लावला आणि डोळे मिटले. "पितंय," ते म्हणाले. "आणि प्यालेलं तसंच ओततंय. कुठे ओततेस गो?"

मला त्याच क्षणी आठवलं. मशीनची सांडपाण्याची नळी आधी भिंतीवरच्या आकड्याला उंच अडकवलेली असे. चार दिवसांपूर्वी नवऱ्याने ती खाली काढली होती, तिला बागेचा लांब पाइप जोडून तो मोरीच्या भोकातून बाहेर नेला होता. कुठे? त्या माडाच्या आळ्यात. "उद्या कोणी विचारलं तर सांगता येईल, पाणी आम्ही घालतो," असं तो तेव्हा मोठ्या समाधानाने म्हणाला होता.

नळीचं तोंड जमिनीवर गेल्यामुळे पाणी भरता भरता वाहून जात होतं. मशीन बिचारं ठीकच होतं.

दादा पाइपाच्या मागोमाग अंगणात गेले. गडग्यापर्यंत पोचले. आळ्यात साबणाचा फेस साचला होता. ते पाइपाचं टोक हातात धरून उभे राहिले, आणि मी मनात म्हटलं, आता हे मशीन गडग्यावरून समुद्रात जाणार. नवराही भांडणाच्या तयारीने पुढे झाला.

एवढ्यात आतल्या खिडकीतून सासूबाईंचा बारीक आवाज आला. "कोण रे तो? चादर मिळाली काय?"

दादांनी पाइप टाकला. ते गडगा ओलांडून आपल्या घरात गेले आणि दार आपटलं. मी त्यांना मोठ्याने शिव्या घातल्या. ऐकू जाव्यात म्हणूनच घातल्या.

थोड्या वेळाने ते परत आले, खांद्यावर जाड प्लास्टिकचा पाइप आणि हातात करवत घेऊन. एक तुकडा त्यांनी पडवीच्या भिंतीला उभा ठोकला, मशीनची नळी त्याच्या वरच्या तोंडात सैल अडकवली. "तोंड वर ठेवायचं बाय. खाली ठेवलंस की पोटात काय राहायचं नाय." उरलेला पाइप खालून जोडत बाहेर नेला. मला वाटलं, आता त्यांच्या केळीकडे वळवणार. त्यांनी तो सरळ माडाच्या आळ्यात नेऊन सोडला.

मशीन सुरू झालं. पाणी भरून थांबलं, आणि पहिल्या चादरी गरगरायला लागल्या.

"चहा ठेवते," मी म्हटलं.

"मशीन चहा पितं काय?" म्हणत त्यांनी करवत उचलली. जाता जाता पुन्हा पत्रा वाजवला. "पाणी जाऊ दे माडाला. काकीच्या चादरींचं हाय. पण माड माझाच, एवढं त्याला सांगून ठेव."

त्या दुपारी सासूबाईंनी कडक वाळलेल्या चादरीवर हात फिरवला आणि पेज मागितली. पुढच्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा दादांनी नवऱ्याच्या शेजारी राहून खांदा दिला. बोलले मात्र नाहीत. माडाखाली नारळ पडत राहिले आणि दोन्ही घरं कान लावून जेवत राहिली.

आणि मागच्या वर्षी दादाच गेले. नवरा खांदा द्यायला गेला.

त्यांचा मुलगा मुंबईला असतो. घर विकायला काढून तो परवा आमच्याकडे आला. फार गोड बोलतो. "काका, तो माड तुम्हीच घ्या ना," म्हणाला. "घर घेणाऱ्याला मी सांगून टाकतो. एका झाडापायी कशाला कटकट?"

नवरा खुर्चीतून उठला.

"घ्या काय? तुझ्या बापाने त्या माडापायी मरेपर्यंत माझं तोंड बघितलं नाय, आणि तू रस्त्यावर टाकल्यासारखा देतोस? तुझ्या बापाचा हाय तो. कळलं? बापाचा!"

मुलगा गोंधळून निघून गेला. मी सवयीने पलीकडे पाहिलं. दाराला कुलूप होतं. हे एवढं ऐकायला तो माणूस सगळी वर्षं गडग्यापलीकडे कान देऊन बसला होता, आणि नेमका आज नाही. मला त्यांचा इतका राग आला, इतका राग आला की रडू फुटलं.

नवरा मागच्या पडवीत गेला होता. मशीन रिकामंच होतं, बंद. त्याने बोटाचं पेर पत्र्यावर वाजवलं आणि मान खाली घालून म्हणाला, "माड त्याचाच. सांग त्याला."